शेवटच्या क्वार्टरमध्ये संघ ढेपाळतो तेव्हा

पत्र: मी सोळा वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते. स्वतः बरीच वर्षं खेळले आहे, पण कोच म्हणून हे पहिलंच वर्ष. बारा मुली आहेत, आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास सराव होतो. व्हिडिओ बघून मी त्यांना आठ सेट प्ले, म्हणजे आधी ठरवून पाठ केलेल्या चाली, शिकवले. बचावात टू-थ्री झोन लावते (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपली जागा राखायची), कारण तो पटकन समजतो. सरावाच्या शेवटी मैदानाला वीस फेऱ्या असतात. तरी सामने एकाच पद्धतीने हातचे जातात. तीन क्वार्टर आम्ही पुढे असतो, चौथ्यात समोरचा संघ फुल कोर्ट प्रेस लावतो, म्हणजे पूर्ण मैदानभर आम्हाला दाबून अडवतो, आमचे पास मध्येच तुटतात आणि खेळ संपतो. आघाडी टिकावी म्हणून मी ‘बॉल धरा, हळू खेळा’ असं ओरडून सांगते. आमची सगळ्यात उंच मुलगी रिंगखाली उभी असते, तिच्यापर्यंत बॉल पोचतच नाही. मुलींचा दम कमी पडतो का? फेऱ्या वाढवू का? झोन सोडून मॅन टू मॅन, म्हणजे प्रत्येकीने समोरच्या एकीला अडवायचं, असं खेळू का? सराव चुकवणाऱ्यांना शिक्षा म्हणून धावायला लावते, ते योग्य आहे का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. शिक्षा म्हणून धावायला लावणं आजच बंद करा. धावण्याची मुलींना गोडी लागावी अशी तुमची इच्छा आहे, आणि तेच धावणं तुम्ही त्यांना दंड म्हणून देताय. सराव न कळवता चुकवला तर पुढच्या सामन्यात सुरुवातीच्या पाचांत जागा नाही, एवढा नियम पुरतो. मात्र तो संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूलाही लागू झाला पाहिजे, नाहीतर तो नियम नाहीच.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. तुमच्या मुलींचा दम थोडाफार कमी पडतही असेल, पण सामने त्यामुळे जात नाहीत, असं तुमच्या पत्रातूनच दिसतं. पाय दमले की शॉट रिंगपर्यंत पोचत नाही, परत बचावाला यायला उशीर होतो, उडी कमी पडते. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत की पास तुटतात. समोर कोण मोकळं आहे हे दिसलं नाही, किंवा दिसलं पण उशिरा, की पास तुटतो. तुमचा संघ आठ चाली पाठ करून आला आहे. प्रेस लागला की त्यातली एकही चाल सुरू होत नाही, आणि पाठ केलेल्याखेरीज मुलींजवळ दुसरं काही नसतं. म्हणून माझा सल्ला एकच आहे: पाठ करून घेणं कमी करा आणि मैदान बघायला शिकवा. आक्रमण, बचाव आणि शरीराची तयारी हे तीन वेगळे तास समजू नका. बघण्याचा सराव तिन्हींत एकदमच होतो.

आठपैकी सहा सेट प्ले या आठवड्यात सोडून द्या. दोन ठेवा, एक बेसलाइनवरून (रिंगमागच्या रेषेवरून) बॉल आत टाकण्यासाठी आणि एक साइडलाइनवरून. त्या वेळी खेळ थांबलेला असतो, सगळ्यांना आपापल्या जागी उभं राहायला वेळ असतो, म्हणून तिथे पाठ केलेली चाल खरंच कामाला येते. बाकी वेळ पाचही जणींना तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभं करा: एक मधोमध, दोन बाजूंना, दोन कोपऱ्यांत. दोघींमधलं अंतर चार ते पाच मीटर. हे अंतर फार महत्त्वाचं आहे. ते तीन मीटरवर आलं की बचाव करणारी एकच मुलगी दोघींवर लक्ष ठेवू शकते. या वयाच्या सामन्यांत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, की बॉल जिकडे तिकडे सगळ्या धावतात.

या रचनेत नियम मोजकेच ठेवा. पास दिला की उभं राहायचं नाही, थेट रिंगकडे कापत जायचं. पास परत मिळाला नाही तर मोकळ्या कोपऱ्यात बाहेर निघायचं. रिकाम्या झालेल्या जागी शेजारची सरकते. आणि तुमच्याकडे येणारा पास अडवायला बचाववाली हात घालून पुढे उभी असेल तर बॉल मागत बसू नका, तिच्या पाठीमागून रिंगकडे पळा. या शेवटच्या नियमाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण प्रेस करणारा संघ नेमका याच जागी उघडा पडतो. पुढे सरसावून पास चोरणाऱ्या मुलीच्या मागे पूर्ण मैदान मोकळं असतं.

हे शिकवायला चार विरुद्ध चार असा खेळ लावा आणि ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, पूर्ण बंद ठेवा. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, मुली वैतागतील. होऊ द्या. ड्रिबल नसला की बॉल हातात असलेल्या मुलीला मान वर करावीच लागते, आणि बाकीच्यांना हलावंच लागतं. दुसऱ्या आठवड्यात एक ड्रिबल द्या, मग दोन. ड्रिबल परत दिल्यावर प्रत्येकीला विचारत राहा की तो कशासाठी केला. रिंगकडे जायला, पासचा कोन सुधारायला किंवा अडचणीतून सुटायला केला असेल तर ठीक. बॉल हातात आला म्हणून जमिनीवर आपटला असेल तर खेळ थांबवा.

उंच मुलीबद्दल. ती रिंगखाली उभी असते म्हणजे तिची बचाववालीही रिंगखाली उभी असते, आणि तुमच्या बाकी चौघींना ले-अपला (धावत जाऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटला) जागाच उरत नाही. त्यातून तीन सेकंदांचा नियम आहे, रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात सतत थांबता येत नाही. तिलाही बाहेर आणा. ती पास देऊन कापत आत येईल तेव्हा तिला धावता धावता बॉल मिळेल, आणि उंचीचा खरा फायदा तेव्हाच होतो. कधी तिला फ्री थ्रोच्या (फाउलनंतर कोणी न अडवता टाकायच्या शॉटच्या) रेषेवर बॉल द्या आणि दोन्ही बाजूंनी मुली कापू द्या. तिथून तिला बचाववाल्यांच्या डोक्यावरून सगळं मैदान दिसतं. तिला पिव्हट शिकवा, म्हणजे एक पाय जागी ठेवून दुसऱ्याने वळणं. बॉल पकडला, दोन्ही पाय टेकले, वळून रिंगकडे तोंड केलं, मग ठरवलं. उंच मुलींना पासिंग न शिकवणं हा मोठा अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

कोणते शॉट घ्यायचे हेही मुलींशी उघड बोला. ले-अप आणि फ्री थ्रो सगळ्यात मोलाचे, त्यानंतर मोकळ्या जागी, पाय नीट टेकवून घेतलेला शॉट. तीन पॉइंटची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत ६.७५ मीटरवर आहे, कोपऱ्यांत ६.६० वर. ज्या मुलीची शूटिंगची पद्धत इतक्या लांबून बिघडते, बॉल खांद्यामागून फेकावा लागतो, तिला अजून तिथून शूट करू देऊ नका. जिची बिघडत नाही, तिला मात्र रोखू नका. तीनपैकी एक थ्री पडला तर ते दोन पॉइंटच्या दोनातल्या एका शॉटइतकंच झालं, हा हिशोब मुलींना एकदा फळ्यावर मांडून दाखवा.

प्रेससाठी वेगळी चाल नको, तीच तत्त्वं पूर्ण मैदानावर वापरा. बास्केट झाल्यावर बॉल आत टाकणारी मुलगी बेसलाइनच्या मागे हवी तशी धावू शकते, इतकंच काय, रेषेमागेच उभ्या असलेल्या सोबतिणीला पासही देऊ शकते. हे अनेक मुलींना माहीतच नसतं. बॉल आत यायला पाच सेकंद आणि मधली रेषा ओलांडायला आठ सेकंद असतात. आठ सेकंद पुष्कळ असतात, घाबरलेल्या मुलीला ते दोन वाटतात. एक मुलगी कायम मैदानाच्या मधोमध ठेवा, बॉलच्या थोडी पुढे, तोंड बॉलकडे. एक बॉलच्या मागे, परतीच्या पाससाठी. ड्रिबल करत साइडलाइनला जायचं नाही, आणि मधली रेषा ओलांडल्या ओलांडल्या कोपऱ्यात तर मुळीच थांबायचं नाही. तिथे साइडलाइन आणि मधली रेषा मिळून बचावाला दोन जास्तीच्या खेळाडू देतात. दोघींनी घेरलं तर घाईने उंच पास फेकू नका, पिव्हट करा, वाका, दोघींच्या मधून किंवा खालून पास काढा. दोघी एकीवर आल्या म्हणजे कोणीतरी मोकळी आहेच. सरावात हे पाच विरुद्ध सात असं खेळवा. सात जणींचा प्रेस सहन करायची सवय झाली की सामन्यातला पाच जणींचा प्रेस विरळ वाटायला लागतो. बारा मुलींत हे बरोबर बसतं.

‘बॉल धरा, हळू खेळा’ हे सांगणंही थांबवायला हवं. आघाडी मिळाली की बॉल दाबून बसायचा मोह फार जुना आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये १९५० साली फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध अख्खा सामना बॉल दाबून धरला आणि तो १९-१८ असा संपला. त्या लीगच्या, एनबीएच्या, इतिहासातला तो सगळ्यात कमी गुणांचा सामना. असले सामने टाळायलाच १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो. आता ते घड्याळ आहे, त्यामुळे तुमच्या मुली पंधरा सेकंद बॉल धरतात आणि उरलेल्या नऊ सेकंदांत घाईचा, वाकडातिकडा शॉट घेतात. त्याऐवजी त्यांना सांगा: खेळ तसाच, फक्त पहिल्या पासावर शॉट नको, मोकळा ले-अप असेल तरच. रिंगकडे कापणं थांबता कामा नये.

बचावाबद्दल मी ठाम आहे. मॅन टू मॅन शिकवा. झोन वाईट नाही, मोठ्यांच्या संघांत तो उत्तम हत्यार आहे. पण या वयात तो चुकीची सवय लावतो: जागा राखली की आपलं काम झालं. समोरची मुलगी तीन पॉइंटवर नेमकी नसेल तर झोन जिंकून देतो, आणि तुम्हाला वाटतं बचाव चांगला आहे. मग चांगला शूटर असलेला संघ भेटतो आणि तुमच्याकडे दुसरं काही नसतं. अनेक देशांच्या संघटनांनी लहान वयोगटांत झोनला मनाई केली आहे, ती उगाच नाही.

सुरुवात बॉलवाल्या मुलीसमोर कसं उभं राहायचं इथून करा. हाताच्या अंतरावर, गुडघे वाकलेले, छाती तिच्या छातीसमोर, पाय घसरत. पाय एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत. बॉल चोरायला हात घालायचा नाही. हात घालण्याच्या या सवयीमुळेच फाउल साचतात. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना फ्री थ्रो मिळतात. पायांनी अडवणाऱ्या संघाला चौथ्या क्वार्टरच्या शेवटी याचा मोठा फायदा होतो.

पण मॅन टू मॅन खरा शिकायचा असतो तो बॉलपासून लांब असलेल्या तिघी-चौघींनी. त्यांना एकच प्रश्न विचारत राहा: तुला आत्ता बॉलही दिसतोय आणि तुझी मुलगीही दिसतेय का? एकच दिसत असेल तर तू चुकीच्या जागी आहेस. बॉल उजव्या बाजूला असेल तर डाव्या कोपऱ्यातल्या मुलीची बचाववाली तिच्याजवळ चिकटून राहणार नाही, ती आत येईल, जवळजवळ रिंगच्या रेषेपर्यंत, कारण कोणी बॉल घेऊन आत घुसलं तर तिलाच अडवायचं आहे. पास तिच्या मुलीकडे निघाला की ती बाहेर धावते आणि शेवटची दोन-तीन पावलं बारीक टाकत, एक हात वर करत थांबते. सुसाट गेली तर समोरची एका ड्रिबलमध्ये तिला पार करते. यासाठी चार विरुद्ध चार शेल ड्रिल आहे, जगभर वापरतात. आक्रमणवाल्या चौघी फक्त पास फिरवतात, बचाववाल्या चौघी पास हवेत असतानाच नवीन जागी पोचतात. बॉल पोचल्यावर हलली, तर उशीर झाला. आधी सावकाश, मग वेगात, मग खरा खेळ. दर सरावात दहा मिनिटं, अख्खा मोसम. आणि तोंडाने बोललं पाहिजे, ‘बॉल’, ‘हेल्प’, ‘स्क्रीन डावीकडे’ (स्क्रीन म्हणजे वाट अडवून उभी राहिलेली समोरची खेळाडू). गप्प बचाव म्हणजे अर्धा बचाव. लाजणाऱ्या मुलींना इथे सांभाळून घ्यावं लागतं. त्यांना ओरडून बोलतं करता येत नाही, ज्या बोलतात त्यांचं सगळ्यांसमोर कौतुक करा.

बॉल हातात येईपर्यंत बचाव संपत नाही. शॉट गेला की आधी आपल्या मुलीला शोधायचं, तिला पाठीने अडवायचं, मगच बॉलकडे बघायचं. आपला शॉट असेल तेव्हा दोघींनी लगेच मागे जायचं आणि तिघींनी रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल पकडायला. मागे जाणाऱ्या दोघी कोण, हे आधी ठरलेलं हवं. सोपे ले-अप खाल्ले जातात ते बहुतेक इथेच, आणि कोच मात्र टू-थ्री की थ्री-टू याचा विचार करत बसतो.

हे पक्कं बसल्यावर झोनही ठेवा, पण समोरच्यांची लय मोडायला, चार-पाच मिनिटांपुरता.

आता फेऱ्या. वीस फेऱ्या एका संथ गतीने धावण्याची तयारी करून घेतात. बास्केटबॉलमध्ये तसं धावणं नसतंच. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. दोन-चार सेकंद जोरात धाव, थांब, वळ, उडी, बाजूला घसर, आणि मध्ये थोडा श्वास. शरीर त्याच प्रकारे तयार करावं लागतं. तेही सरावाच्या शेवटी वेगळं काढून नव्हे, बॉलसह. तीन विरुद्ध तीन पूर्ण मैदानावर, तीन मिनिटं खेळ, दीड-दोन मिनिटं विश्रांती, असे चार-पाच डाव लावा. तिघी विरुद्ध दोघी जायचं, आणि परत येताना त्या दोघी आक्रमण करतात व शेवटचा बॉल हाताळणारी एकटी बचाव करते, हा खेळ तर मुली आपणहून मागतात. प्रत्येक डावानंतर, धाप लागलेली असतानाच, प्रत्येकीला दोन फ्री थ्रो. चौथ्या क्वार्टरचे फ्री थ्रो ताज्या दमाने टाकायला मिळत नाहीत, मग सराव तरी ताज्या दमाने का करायचा? दमलेल्या अवस्थेत पास शोधायचा सरावही याच खेळांत होतो. तुम्हाला हवा असलेला दम आणि हवी असलेली नजर एकत्र येते ती इथे.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला कळकळीने सांगते. गुडघ्याच्या आतला एसीएल हा लिगामेंट तुटण्याचा धोका या खेळात मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो, आणि बऱ्याचदा कोणी धडकलेलंही नसतं, नुसतं उडीवरून उतरताना किंवा वळताना तो तुटतो. त्यावर उपाय आहे आणि त्याला साहित्य लागत नाही. दर सरावाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं स्क्वॅट, लंज, एका पायावर तोल, बाजूला उडी मारून स्थिर उतरणं, प्लँक, धावत येऊन दोन पावलांत थांबणं. उतरताना गुडघे आत झुकत नाहीत ना, आवाज धप्प येत नाही ना, हे समोर उभं राहून बघा. घोट्याची मुरगळ तर सगळ्यात नेहमीची दुखापत. एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळायची शक्यता जास्त असते, म्हणून सूज उतरली की लगेच खेळ नको, आधी एका पायावर तोल आणि उड्या जमल्या पाहिजेत. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल तर उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘सहन कर’ म्हणू नका. एखादी मुलगी सतत थकलेली दिसत असेल, तर तिला जास्त धावायला लावायच्या आधी तिच्या घरच्यांशी बोला. या वयात लोह कमी असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि पाळी बंद पडणं हे पुरेसं खाणं पोटात जात नसल्याचं लक्षण असू शकतं. याला शिस्तीचा प्रश्न समजू नये. आठ ते दहा तास झोप या वयात लागतेच. ती मिळत नसेल तर सकाळी लवकर सराव ठेवून काही साधत नाही.

अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे कोच जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. मोसमाच्या सुरुवातीला ते खेळाडूंना मोजे नीट कसे घालायचे ते शिकवत, कारण सुरकुती पडली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. देशातल्या उत्तम खेळाडूंसोबत त्यांना हे करावंसं वाटलं. तुमच्या बारा मुलींसोबत उतरायचं कसं, थांबायचं कसं, हे शिकवायला संकोचू नका.

दीड तासाचं म्हणाल तर पंधरा मिनिटं वर सांगितलेला स्क्वॅट-लंजचा वॉर्म-अप, मग ड्रिबलशिवायचा खेळ, शेल ड्रिल, थोडं शूटिंग, प्रेसविरुद्ध पाच-सात, आणि शेवटी तीन-तीनचे डाव. प्रत्येक भागात शिट्टी कमी, खेळ जास्त. रांगेत उभं राहून वाट बघायला लावणारे ड्रिल टाळा. दर वीस मिनिटांनी पाणी.

सामन्यात बाराही मुली वापरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये मुख्य पाचांना दोन-दोन मिनिटं बसवा, म्हणजे चौथ्यात त्यांचे पाय शाबूत राहतील. दुसऱ्या अर्धात तीन टाइमआउट असतात. प्रेसवर लागोपाठ दोन बॉल गेले की त्यातला एक घ्या, आणि त्यात फक्त मधोमध कोण उभं राहणार एवढंच सांगा. बाकावरच्या एका मुलीला वही द्या. प्रत्येक बॉल कसा गेला ते तिने लिहावं: पास तुटला, ड्रिबलवर गेला, ट्रॅव्हल झाला (बॉल न आपटता जास्त पावलं पडली) की वेळ संपला. आणि कोणत्या क्वार्टरमध्ये. तीन सामन्यांची ती पानं एकत्र ठेवून बघा, पुढच्या सरावात काय घ्यायचं ते तिथून ठरवा. पास तुटण्याचा रकाना रिकामा होत गेला आणि ट्रॅव्हलचा भरत गेला, तर पिव्हटकडे वळा. मला लिहाल तेव्हा ती पानंही पाठवा.